हिंगणघाटचा मटण स्टेक

वर्ध्याला बाहेरगावचे लोक आश्रम पाहायला जातात. मी मटण खायला गेलो होतो. परत आल्यावर हे ज्याला-ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, "सांगा तरी, काय काय खाल्लंत." सांगायला बसलो की गोष्ट जेवणापाशी थांबत नाही. म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. तिकडे न गेलेल्यांना तो मुलूख थोडा दिसेल आणि मला तेच तेच तोंडानं सांगावं लागणार नाही.

वर्धा

एक्याऐंशीचा हिवाळा होता. गाडी वर्ध्याला पोचली तेव्हा उन्हं नुकती फलाटावर उतरली होती. महादेव झाडे खांबाला टेकून उभा होता. डोक्याला मफलर, अंगात आमच्या क्लबातला जुना काळा कोट. कोट आता पोटावर बसत नव्हता, म्हणून बटणं उघडीच ठेवली होती.

महादेवाची ओळख करून देतो. मुंबईच्या एका जुन्या क्लबात मी जेवणघराचा कारभारी होतो आणि तो आत ग्रिलवर. मी कुडाळचा सावंत, तो हिंगणघाटचा. दोघेही घर सोडून आलेले, एकाच चाळीत शेजारी राहिलेले. निखाऱ्यावर मांस भाजावं तर त्यानंच. पारशी, गोरे, सिंधी सगळे त्याच्या हातचा स्टेक मागायचे आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नसायचं. इतकी वर्षं मुंबईत काढून त्याची बोली काही सुटली नाही. वडील गेले, वाटणीत हैदराबादच्या सडकेला लागून थोडी जमीन आली, तेव्हा नोकरी सोडून गावी गेला आणि त्या जमिनीवर त्यानं हॉटेल काढलं. वर्षभर मला बोलावत होता. या वेळी मात्र त्यानं अडूनच बोलावलं होतं.

"काऊन रे, एवढा वाळला?" त्यानं विचारलं आणि माझी पिशवी घेतली.

स्टेशनबाहेर त्यानं मला पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथे त्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि त्याला तर्री म्हणतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पोहेवाल्यानं न विचारता वर आणखी चिवडा टाकला.

"परवा शोभाले पाहाले येऊन राह्यले," महादेव खाता-खाता म्हणाला. "आष्टीचे हायत. संत्र्याची बाग हाय, पोरगा मास्तर हाय. त्यायनंच सांगतलं का पोह्याबिह्याचा कार्यक्रम नको, तुमच्या हॉटेलातच जेवू. म्हणून तुले बोलावलं. तू टेबल लावशीन, आपण क्लबात लावत होतो तसं."

शोभा त्याची एकुलती एक मुलगी. आईबरोबर ती गावीच वाढली; एकदा मुंबईला आली होती तेव्हा मी तिला शेवटचं पाहिलं, तेव्हा ती परकर नेसत होती.

एसटीनं हिंगणघाटला निघालो. कोकणातला माणूस पहिल्यांदा या बाजूला आला की त्याला जमीन फार मोठी वाटते. डोंगर नाही, वळण नाही, काळी माती आभाळाला जाऊन लागते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि सडकेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकून राहिला होता. महादेव खिडकीतून एकेक शेत दाखवत होता, हे अमक्याचं, ते तमक्याचं. प्रत्येक माणसाच्या नावापुढे तो सांगायचा, "आपल्याकडे जेवाले येते." मुंबईत एवढा बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

हिंगणघाट

हॉटेल गावाबाहेर, वेणा नदीचा पूल ओलांडल्यावर. कौलारू पडवी, पुढे अंगण, अंगणात कडुनिंबाखाली लाकडी टेबलं. लोखंडी पिंप उभं चिरून त्यावर जाळी बसवली होती, ते ग्रिल. दारावर पाटी: 'हॉटेल शोभा. मटण स्टेक, चॉप, कोंबडी ग्रिल.' खाली बारीक अक्षरांत, 'दारू पिऊन येऊ नये.' सगळा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, पण ज्याला प्यायची तो पितोच. महादेव मात्र तोंडाला वास आलेल्या माणसाला टेबलाशी बसू देत नसे.

ग्रिलपाशी शोभा उभी होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. कॉलेजात पहिलं वर्ष करून तिनं सोडलं होतं. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, बसा. पहिले जेवा, मंग बोला."

आता त्या जेवणाबद्दल. आमच्या क्लबात स्टेक व्हायचा तो म्हशीच्या मांसाचा. इथे तसलं काही चालणार नाही हे महादेवाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं बकऱ्याच्या मागच्या मांडीचे आडवे जाड काप काढून बघितले. कच्ची पपई, आलं-लसूण, मिरी आणि भिवापुरी मिरचीचं पाणी लावून ते सकाळपासून ठेवायचे, मग बाभळीच्या कोळशावर भाजायचे. बाहेरून करपल्यासारखा तांबूस, आत रस. सोबत भाजलेला कांदा, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर. क्लबातल्या साहेबांनी ते भरीत पाहिलं असतं तर उकडलेले बटाटे परत पाठवले असते. मी हे बोलून दाखवलं तर महादेव म्हणाला, "भाजाचं काम आता शोभाच करते. म्या फक्त पाहातो."

शोभा मांसावर बोट दाबून बघायची आणि काप उलटायची. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरला "थांबा जी, अजून कच्चं हाय," असंही सांगायची. दुपारी अंगण भरलं. ट्रकवाले, मिलमधले बाबू, कापसाचे अडते, कॉलेजची पोरं. काटे-चमचे टेबलावर असत, पण बहुतेक लोक काट्यानं एकदा टोचून बघत आणि मग हातानं खात. 'स्टेक'ला सगळे 'इस्टेक' म्हणत. पार्वतीवहिनी, महादेवाची बायको, आत भाकरी थापत होती. ती मला म्हणाली, "भाऊजी, लोकं म्हणते का पोट्टीले चुलीपाशी बसवता ते ठीक, पण सडकेवर कायले? म्या म्हणते, चूल तर चूल असते."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी आणि महादेव खाटकाकडे गेलो. बकरं आमच्यासमोर कापलं, मांड्या त्यानं आमच्यासमोर तोडून दिल्या आणि पिशवी मी हातात धरून आणली. हे एवढं सांगतोय, कारण पुढे याच एका गोष्टीचा मी साक्षीदार होतो आणि माझी साक्ष कुणालाच नको होती.

मी टेबलं जोडून पांढरी चादर घातली. पाहुणे जीपनं आले. मुलाचे वडील गुलाबराव निंभोरकर, धिप्पाड, शांत बोलणारे; मुलाचा मामा; मध्यस्थ वामनराव, जे महादेवाच्या लांबच्या नात्यातले; आणि मुलगा प्रकाश, आष्टीच्या शाळेत मास्तर, बारीक मिशी ठेवलेला. बायका कुणी नव्हत्या.

मामांनी काटा-सुरीनं खायचा हट्ट धरला. सुरी सटकली आणि काप उडून वामनरावांच्या धोतरावर पडला. सगळे हसले. वामनराव तर सगळ्यांत मोठ्यानं. मग मी सगळ्यांना सांगितलं की साहेबसुद्धा घरी हातानंच खातात. ते खोटं होतं, पण त्यानंतर सगळे मोकळेपणी जेवले. गुलाबरावांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. हाडाशी लागलेलं मांससुद्धा सोडलं नाही.

"कोनं केलं हे?" त्यांनी विचारलं.

"पोरीनंच," महादेव म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शोभा पुढे आली, नमस्कार केला. नेहमीचे प्रश्न झाले: नाव काय, कितवी शिकली, शिवणकाम येते का. प्रकाश हात धुवायला उठला तेव्हा ग्रिलपाशी थांबून तिच्याशी दोन शब्द बोलला. आम्हा सगळ्यांना ते शुभ लक्षण वाटलं. जाताना गुलाबराव महादेवाचा हात हातात घेऊन म्हणाले, "निरोप धाडतो." जीप पुलावरून दिसेनाशी होईपर्यंत महादेव सडकेवर उभा होता. पार्वतीवहिनीनं देवापुढे गूळ ठेवला.

दोन-तीन दिवस मी गावात हिंडलो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना पाहिली, नदीवर गेलो, बाजारात संत्री खाल्ली. आमच्याकडे संत्रं आजारी माणसाला नेतात. इथे लोक चालता-चालता सोलून खातात आणि सालं बैलापुढे टाकतात. रोज दुपारी कडुनिंबाखाली जेवायचं. मी मुंबईला जायचं पुढे-पुढे ढकलत होतो.

मग वामनराव आले. सायकल भिंतीला लावली, पण पडवीत चढले नाहीत. शोभानं पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, बाई." हिंगणघाटच्या उन्हात सायकल हाकून आलेला माणूस पाणी नको म्हणतो, हे मला समजायला थोडा वेळ लागला. महादेवाला लगेच समजलं. त्यानं शोभाला आत जायला सांगितलं.

"आष्टीवाल्यायचा नकार हाय," वामनराव म्हणाले.

"कायले?"

वामनराव जमिनीकडे बघत बोलले. "मामानं तिथं एका शिकलेल्या माणसाले इचारलं, इस्टेक म्हणजे काय. थो म्हणाला, इंग्रजीत इस्टेक म्हणजे मोठ्याचं मटण. गाईचं. गुलाबराव म्हणते, आमाले बोलावून बाटवलं. त्यायनं घरात पंचगव्य घेतलं."

"पाटीवर मटण लिवलं हाय," महादेव म्हणाला. "वामनभाऊ, तुमी खाल्लं ना? तुमाले समजत नाई बकरं कोनतं आन् गाय कोनती?"

"मले काय समजते? म्या तर खाल्लं. म्या बी घेतलं पंचगव्य." आणि ते सायकल वळवून निघाले.

मी मागे धावत गेलो. सांगितलं की बकरं माझ्यासमोर कापलं, मी पिशवी आणली. वामनराव सायकलवर बसता-बसता म्हणाले, "तुमी तर त्यायचेच पाव्हणे, जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण रिकामं होतं. फक्त दोन पंजाबी ड्रायव्हर आले, त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं. मिलचे बाबू सडकेच्या पलीकडून गेले. त्यांतला एक वर्षभर दर शनिवारी येऊन बसायचा. त्यानं आमच्याकडे पाहून रुमाल नाकाला लावला. त्या काळात गाय कापायला कायद्यानं बंदी होती आणि त्या विषयावर लोक लवकर पेटत. संध्याकाळी एक हवालदार आला. पातेली उघडून पाहिली, वास घेतला, खाटकाकडे चौकशी करून आला. काही सापडलं नाही असं त्यानं स्वतःच सांगितलं. मग म्हणाला, "तुमचं खरं असन, झाडे. पण पाटी काढून टाका. उगाच लफडं कायले?"

महादेवानं शिडी आणली आणि पाटीवरच्या 'स्टेक' शब्दावर डांबर फासलं. ते फासताना खाली उभी राहून पाहणारी दोन-तीन माणसं एकमेकांना म्हणाली, "पाहा, होतं म्हणून तर पुसलं."

आष्टी

आष्टीला जायचं मीच काढलं. महादेव तयार नव्हता. मला वाटत होतं की गुलाबराव जाणता माणूस आहे, समोरासमोर बसलं तर ऐकून घेईल आणि एका शब्दानं हे सगळं मिटवील. शोभानं ऐकलं आणि म्हणाली, "नका जाऊ बाबा." का, ते सांगितलं नाही.

हिंगणघाट ते वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. प्रत्येक ठिकाणी दुसरी बस. आर्वी सोडली की जमीन थोडी उंच-सखल होते, टेकड्या दिसतात आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. मृगबहाराची फळं पिकायला लागली होती. हिरव्यागार झाडांत ती दिव्यांसारखी दिसत. दुसऱ्या कामासाठी गेलो असतो तर या वाटेवर मी पानंच्या पानं लिहिली असती. आष्टीत हुतात्म्यांचं स्मारक आहे. बेचाळीस साली या एवढ्याशा गावानं इंग्रजांचं पोलीस ठाणं घेतलं होतं. महादेवानं स्मारकापुढे चप्पल काढून हात जोडले आणि मग रस्ता विचारला.

गुलाबराव बागेतच भेटले. आम्हाला पाहून दचकले नाहीत. बाज टाकली, गड्याला पाणी आणायला सांगितलं, स्वतःच्या हातानं झाडावरून संत्री तोडून आमच्यापुढे ठेवली. त्यांच्या आदरातिथ्यात खोट काढता येत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

महादेव हातातलं संत्रं फिरवत बसला. म्हणून मी बोललो. खाटीक, बकरं, पिशवी, सगळं सांगितलं. "स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप. कशाचाही असू शकतो. महादेवानं कधी तसलं काही आणलेलं नाही," मी म्हणालो.

गुलाबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गडी लांब गेला आहे ना ते पाहिलं आणि म्हणाले, "सावंतसाहेब, मी जन्म काढला बकरं खाण्यात. पहिल्या घासालेच समजलं मले. बकरंच होतं, आन् चांगलं कोवळं होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मग हे काय केलंत?"

"नाई म्हणाचं होतं. नाई म्हणाले कारण लागते." त्यांनी एक संत्रं सोलायला घेतलं. "पोरगी सडकेवर बसून ट्रकवाल्यायले जेवू घालते. सून म्हणून आणली तर लोकं आमाले काय म्हणतीन? आता हे मी खरं सांगतलं असतं, तर झाडेभाऊच्या लेकीले जन्मभराचा डाग लागला असता. पुढं कोनी पाहाले आलं नसतं. म्हणून म्या जिनसीवर, मटणावर ढकललं. जिनसीचा दोष निघाला का पोरीवर बोट येत नाई. म्या तर तुमचं भलंच पाह्यलं."

"त्यांचं हॉटेल बुडालं," मी म्हणालो.

"थे एवढं पसरन असं मले वाटलं नाई. म्या दोघा-तिघायलेच बोललो."

"मग आता हिंगणघाटला या आणि खरं सांगा."

त्यांनी मान हलवली. "आता कसं सांगू? साऱ्या घरानं पंचगव्य घेतलं. माझ्या म्हाताऱ्या मायनं उपास केला. आता म्हणू का खोटं होतं?"

मी मग बरंच बोललो. वयाचा, पाहुणेपणाचा विचार केला नाही. असल्या अब्रूपेक्षा ट्रकवाला बरा, जे खातो त्याला नाव तरी ठेवत नाही, असंही म्हणालो. माझं संपल्यावर गुलाबरावांनी सोललेल्या फोडी महादेवापुढे धरल्या.

महादेवानं एक फोड घेतली आणि खाल्ली. "येतो मंग," असं म्हणून उठला.

प्रकाश मास्तर आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. झाडाआडून त्यानं सगळं ऐकलं असावं. बस लागली होती तरी तो घुटमळत होता. शेवटी मला म्हणाला, "जेवण खरंच छान होतं."

महादेवानं त्याला विचारलं, "तू बोलशीन का, बाबू? तू शिकलेला हायेस. गावात एकाले तरी सांगशीन?"

प्रकाशनं खाली पाहिलं. "बाबांपुढे मले बोलता येत नाई," तो म्हणाला. तेवढं तरी तो खरं बोलला.

परतीच्या बसमध्ये महादेव पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. आर्वी आली तेव्हा म्हणाला, "तू त्यायले बोललास हे बरं नाई केलं."

"मी? मी बरं नाही केलं?"

"तू जाशीन मुंबईले. मले याच सोयऱ्यायमंदी पोरीचं लग्न करा लागन. उद्या दुसरं घर पाहाले गेलो तर थे इचारतीन गुलाबरावले, कशी हायत मानसं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "आन् थो म्हणते त्यात खोटं काय हाय? पोरीवर बोट आलं नाई."

मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

पुन्हा हिंगणघाट

घरी पोचलो तेव्हा पार्वतीवहिनी दारात होती आणि शोभा तिच्या मागे.

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं.

महादेवानं कोट काढून खुंटीला लावला. "त्यायले खरंच तसं वाटलं," तो म्हणाला. "इंग्रजी शब्दाचा घोटाळा झाला. मानसं वाईट नाईत. मनात शंका बसली, आता निघत नाई."

वहिनीनं कपाळाला हात लावला आणि त्या इंग्रजी शब्दाला शिव्या दिल्या. महादेवानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये एवढंच त्या नजरेत होतं. मी बोललो नाही.

पुढच्या दोन दिवसांत त्यानं ग्रिल हलवलं. लोखंडी पिंप मागच्या गोठ्यात नेऊन उलटं टाकलं आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. पाटीवर नवा रंग दिला आणि रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, 'शुद्ध शाकाहारी भोजनालय'. वरण, भात, वांग्याची भाजी, भाकर. मी म्हणालो, निदान कोंबडी तरी ठेव. तो म्हणाला, "आता मी कोंबडी भाजली तरी लोकं म्हणतीन मोरच हाय." तो हसलाही, पण ते हसू बघवत नव्हतं.

मी निघालो त्या सकाळी तो यायला निघाला होता, पण नेमकं एक कुटुंब जेवायला उतरलं. नव्या पाटीखालचं ते पहिलंच गिऱ्हाईक. तो म्हणाला, "शोभा सोडते तुले," आणि पाणी द्यायला धावला.

सडकेच्या कडेला आम्ही वर्ध्याच्या बसची वाट बघत उभे राहिलो. शोभानं माझी पिशवी धरली होती.

"काका," ती म्हणाली, "आष्टीले काय झालं ते मले माहीत हाय."

"बाबांनी सांगितलं ना. शब्दाचा घोटाळा."

"शब्दाचा नाई." ती सडकेकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी मास्तर हात धुवाले आला, तवा त्यानं मले इचारलं, लग्न झाल्यावर हे सगळं सोडशीन ना. त्याच्या बाबांनी घरूनच इचारून ये म्हणून सांगतलं हाय, म्हणाला. म्या म्हटलं, नाई. इकडे नाई तर आष्टीले काढीन हॉटेल, मले येते, मले आवडते. थो हसला. मले वाटलं, त्याले पटलं."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या एका 'नाई'नं बाबाचं हॉटेल गेलं," ती म्हणाली. "त्याले सांगू नका. त्याले वाटू द्या का शब्दानं गेलं. पोरीनं घालवलं असं समजलं तर थो खाटेवरून उठणार नाई."

मी तिला समजावलं की दोष तिचा नाही, विचारणाऱ्याचा आहे, त्याच्या बापाचा आहे. मुंबईत असली मुलगी असती तर लोकांनी डोक्यावर घेतली असती, असंही म्हणालो. मुंबईबद्दलचं ते कितपत खरं, मला माहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. बस आली. तिनं पिशवी वर दिली आणि म्हणाली, "पोचल्यावर जेवजा." माझ्याबरोबर तिनं भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती.

गाडीत मी ती शिदोरी सोडून जेवायला बसलो तेव्हा हिशेब लागला. बाप मुलीपासून लपवतो की नकार तिच्यामुळे आला, आणि मुलगी बापापासून तेच लपवते. गुलाबरावांचं खोटं आता दोघंही जपत होते. आणि ते फुटेल कुठून, तर फक्त माझ्यापासून.

वर्ध्याला आणखी एकदा

पुढच्या वैशाखात शोभाचं लग्न झालं. मी पुन्हा गेलो. उन्हाळ्यात त्या भागाकडे जाऊ नये असं मी वाचकांना कळकळीनं सांगेन. पाय ठेवला की जमीन चटका देते, माणसं दुपारभर दारं लावून घेतात आणि ऊन लागू नये म्हणून टोपीखाली कांदा घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. लग्न वर्ध्याला एका मंगल कार्यालयात होतं. मुलगा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत कारकून. घर माळकरी. मांस-मासळी शिवत नाहीत, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद.

"चांगलं घर हाय," महादेव मला म्हणाला. "पोरीले त्रास नाई होनार. घरची शेती हाय, नोकर-चाकर हायत. हिले चुलीपाशी बसा बी लागनार नाई."

पंगतीत मला वामनराव भेटले. त्यांनीच हे स्थळ आणलं होतं. त्यांनी माझी विचारपूस केली, आग्रहानं बुंदी वाढली. आष्टीचं काही त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. महादेव सगळ्यांपुढे हात जोडत फिरत होता. तो क्लबातला कोट भर उन्हाळ्यात त्यानं घातला होता आणि घामानं त्याची पाठ काळवंडली होती.

जीप निघायच्या आधी शोभा माझ्या पाया पडली. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर मुंडावळ्या. मी हळूच विचारलं, "आष्टीचं सांगितलंस का कुणाला?"

"कोनाले सांगू, काका?" ती म्हणाली. "इथं सासरच्यायनं इचारलं, हॉटेलात काय करत होती. म्या सांगतलं, काई नाई, पाणी देत होती."

जीप गेली. पार्वतीवहिनी बायकांमध्ये बसून रडत होती. महादेव माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खिशातला रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं.

"सुखात राहीन पोरगी," तो म्हणाला. "हाय ना रे?"

मी हो म्हणालो. त्या मुलुखात हो म्हणायचा मला आता सराव झाला होता.